रामलिंगाच्या घाटांतील पाहुणा

येडशीजवळ घाटांत रामलिंगाचें देवालय आहे. जटायु येथेंच पडला, अशी आख्यायिका. दर्शन झालें कीं वानरें, मोर पाहत हिंडावें, हा यात्रेकरूंचा नित्यक्रम. १९९७ सालीं या रानाचें अभयारण्य झालें. विस्तार अवघा २२ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्यें तेथील स्वयंचलित कॅमेऱ्यांत वाघ दिसला! पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरचा ठरला. चारशें किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत तो एकटाच आला होता. प्राणिसंग्रहालयांत पिंजऱ्यावरची पाटी माणूस बदलतो. येथें प्राणी आपल्या पायांनीं येतो. पण तरुण नराला वाघीण हवी. ती या इवल्या रानांत कोठून मिळणार? गुरें गमावणाऱ्या शेतकऱ्याचें भयहि खोटें नव्हे. नुसतें कौतुक पुरेसें नाहीं. रानांना जोडणाऱ्या वाटा राखाव्या, हाच खरा पाहुणचार.