निजला की गोठतो

फोन महाग होता त्या दिवसांत दादा साताऱ्याहून पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. १९८४ ते १९९१ पर्यंतच्या बत्तीस कॅसेट्स आमच्या तळघरात खोक्यात पडून होत्या. फीत जुनी, कधी तुटेल भरवसा नाही. म्हटलं, आता कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ या.

रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून बिनपंख्याचा, मिसळणाच्या डब्याएवढा एम्बेडेड पीसी घेतला आणि त्यावर लिनक्स चढवलं. तिसऱ्याच कॅसेटला दादा विहिरीच्या भांडणाची गोष्ट सांगत असताना मशीन गोठलं. घड्याळ थांबलं, माऊस हलेना, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागेना. म्हणजे केर्नलच अडकलेलं!

आधी उष्णतेवर संशय घेतला. तापमान ५२ अंश, ठीक. रात्रभर मेमटेस्ट चालवला, चूक नाही. अ‍ॅडॉप्टर बदलला. लॉग कोरा, कारण गोठलेलं मशीन डिस्कवर लिहिणार कसं? सीरियल पोर्टला वायर जोडून जुन्या लॅपटॉपवर केर्नलचे शेवटचे शब्द ऐकायला बसलो. तिथंही शुकशुकाट. बोर्डावर वॉचडॉग टायमर होता. मशीन गप्प झालं की तो ते आपोआप रीस्टार्ट करतो. पण रेकॉर्डिंग गेलं ते गेलंच, आणि कारणही कळत नाही.

शेवटी कधी गोठतं ते वहीत लिहायला लागलो. अकरा नोंदी झाल्यावर सौ.नं वही पाहिली आणि म्हणाली, "अहो, काम दिलं की हा बरा असतो. रिकामा बसला की अडतो. तुमच्यासारखाच!"

हसलो, पण पटलं. केर्नल कंपाइल करायला लावलं, चारही कोअर सहा तास राबले, काही झालं नाही. मोकळं सोडलं, दोन तासांत गार!

प्रोसेसर रिकामा असला की वीज वाचवायला झोपतो. सी-१ म्हणजे डुलकी, सी-६ म्हणजे गाढ झोप. काही चिप्स त्या गाढ झोपेतून नीट उठत नाहीत. नुसता आवाज उतरवून घेणं हे त्याला कामच वाटत नव्हतं, म्हणून नेमका तेव्हाच डोळा लागायचा. बूट होताना केर्नलला सूचना दिली, सी-१ च्या पुढे जायचं नाही. वीज थोडी जास्त लागते, लागू दे.

मंडळी, हे औषध सगळ्यांना लागू नाही बरं का. भरपूर काम करताना मशीन गोठत असेल, तर आधी उष्णता आणि अ‍ॅडॉप्टरच पाहा. पण सुटे भाग बदलण्याआधी वही घाला, आणि एका वेळी एकच बदल करा. मी घाईत तीन-तीन बदल केले आणि महिना घालवला.

त्यानंतर एकोणतीस कॅसेट्स न अडखळता उतरल्या. विहिरीच्या भांडणाचा शेवटही मिळाला. प्रत्येक बाजूच्या शेवटी दादा म्हणतात, "थांब हं, बाजू संपली वाटतं, उलटवतो." मग खट्ट आवाज. तो खट्टसुद्धा मी कापलेला नाही.