लाल कॅलिपर

माझी गाडी नातेवाइकांपैकी बहुतेकांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. सेकंडहँड घेतलेली, टर्बो पेट्रोल, दोनशेच्या वर हॉर्सपॉवर, आणि बायकोच्या मते घरात सगळ्यात जास्त लाड होणारा मेंबर. तर गेल्या दिवाळीपासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क आणि सहा पिस्टनचे लाल कॅलिपर! किड्याचं मूळ आमच्या पार्किंगमध्ये आहे. शेजारच्या पोराच्या ड्यूकच्या कॅलिपरवर 'बायब्रे' लिहिलेलं आहे, म्हणजे 'बाय ब्रेंबो'. १९६१ साली इटलीत बेर्गामोजवळ सुरू झालेली ही कंपनी. पोराच्या बाइकला ब्रेंबोचे ब्रेक आणि माझ्या गाडीला साधे? कोटेशन आणलं, अडीच लाखांच्या आसपास. ते बायकोला दाखवलं नव्हतं. (आता इथेच वाचेल. असो.)

जानेवारीत आम्ही पाचगणीला आत्याकडे गेलो. बाबा नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी. बाबा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाले तरी उजवा पाय काही रिटायर झालेला नाही. मी गाडी चालवत असलो की प्रत्येक वळणाला तो समोरच्या मॅटवर दाबला जातो. आम्ही सगळे त्याला हसतो.

परतताना पसरणी घाट उतरत होतो. गाडी ऑटोमॅटिक. मी गिअर 'डी'मध्ये टाकून दिला होता आणि पाय सतत ब्रेकवर. बाबा एकदा म्हणाले, "गिअरमध्ये उतर." मी म्हटलं, "बाबा, या गाडीला गरज नाही लागत."

पुढच्या दोन-तीन वळणांनंतर जळका वास आला. आणि एका वळणाच्या आधी पेडल मऊ लागलं. दाबलं तर नेहमीपेक्षा खूपच खाली गेलं. पुन्हा पुन्हा दाबून, गिअर खाली टाकून गाडी कशीबशी कडेला घेतली. कोणी काही बोललं नाही. बाबा उतरले, एक मोठा दगड शोधून आणला आणि चाकाला लावला. "पाणी ओतू नकोस डिस्कवर," एवढंच म्हणाले. अर्धा तास आम्ही तिथे बसून होतो. मग पेडल ताळ्यावर आलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये रांगत वाईला पोचलो.

घरी आल्यावर बाबा सहज म्हणाले, "पुढच्या वेळी मी एसटीने जाईन." रागावून नाही म्हणाले. तेच जास्त लागलं.

मग मी रात्री हिशोब करत बसलो. माणसांसकट गाडी १७०० किलो धरली तर १०० च्या स्पीडवरून एकदा थांबवताना जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते, तिच्यात साधारण दोन लिटर गार पाणी उकळेल. आणि पाचगणी ते वाई, म्हणजे सुमारे पावणेसहाशे मीटर उतार? अठ्ठावीस लिटर! लग्नघरातलं चहाचं पातेलंच. सगळी काही ब्रेकच्या वाट्याला येत नाही, हवा आणि इंजिन आपापला वाटा उचलतात. पण मी 'डी'मध्ये राहून इंजिनाचा वाटाही ब्रेकच्याच गळ्यात मारला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चाकं उघडली. त्यांचा पहिला प्रश्न, "पेडल कडक राहून गाडी थांबत नव्हती, की पेडलच खाली जात होतं?" कडक राहिलं तर दोष तापलेल्या पॅडचा. खाली गेलं तर ब्रेक ऑइल उकळलं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उकळून वाफ झाली की पाय ती वाफच दाबत बसतो. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझ्या गाडीतलं शेवटचं कधी बदललं होतं, हे मला सांगताच येईना. वर एका कॅलिपरची स्लाइड पिन अडकलेली. त्यामुळे आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा अर्ध्याने झिजलेलं.

मी कोटेशन पुढे केलं. मिस्त्रींनी विचारलं, "जोरात दाबल्यावर एबीएस लागतं का?" लागतं. "म्हणजे चाक अडवायची ताकद आत्ताच आहे. पुढचं काम टायरचं." मोठ्या डिस्क दहाव्यांदा थांबताना कामाला येतात, कारण त्या जास्त उष्णता पोटात घेतात. एकदाच थांबायला सहा पिस्टन लागत नाहीत. उलट पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं आणि मास्टर सिलिंडर तोच राहिला, की पेडल लांब जातं आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. शिवाय ते कॅलिपर माझ्या १७ इंची चाकात मावतच नव्हते!

मग गाडी पॅडवर आली. मला रेसचे हवे होते. पण ते तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि सोसायटीच्या गेटपाशी सकाळी स्कूलबस गाठायला पळणारं पोर काही माझे पॅड तापायची वाट बघणार नाही. पॅडच्या कडेला दोन अक्षरं असतात. पहिलं नेहमीच्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. 'एफ' म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, 'ई' त्याच्या खालचा. म्हणजे 'एफई' असेल तर तापल्यावर पकड सुटते. युरोपचा 'आर ९०' शिक्का असेल तर पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडेतिकडे असावी लागते. शेवटी जरा वेगवान गाड्यांसाठी बनवलेले, शिक्का असलेले, दोन्ही अक्षरं 'एफ' असे पॅड घेतले. पिना साफ, नवं ऑइल. एका पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० वर असं दहा वेळा आणून पॅड बसवले, पूर्ण न थांबता. मग थंड होईपर्यंत तसाच फिरत राहिलो. अडीच लाखांच्या एक दशांशाहूनही कमीत सगळं आटोपलं.

तेव्हा मला जाणवलं की इतके महिने मी ब्रेक निवडत नव्हतो, दागिना निवडत होतो. ब्रेक त्यांच्यासाठी निवडायचे असतात ज्यांच्या पायाशी पेडल नसतं.

मार्चमध्ये आत्याकडे पुन्हा जायचं ठरलं. बाबांनी विचारलं, "ऑइल बदललंस?" म्हटलं, बदललं. "पिना?" साफ केल्या. यावर ते काही न बोलता पुढच्या सीटवर येऊन बसले. एसटीचा विषय निघाला नाही.

उतरताना घाटाच्या तोंडाशीच मी गिअर दुसरा केला. "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर," बाबा म्हणाले. पहिल्या दोन वळणांना त्यांचा पाय मॅटवर दाबलेला मी पाहिला. पुढे दाबला की नाही, माहीत नाही. माझं लक्ष रस्त्यावर होतं.