भाकरीच्या मापाने

स्वयंपाकघराचे नूतनीकरण म्हटले की बहुतेक घरांत आधी ओट्याच्या दगडाचा रंग ठरतो, मग ट्रॉल्यांचा, आणि फ्रीज, शेगडी, चिमणी, मिक्सर यांची खरेदी गवंडी, सुतार व वायरमन निघून गेल्यावर सवडीने होते. काम नीट व्हायचे असेल तर हा क्रम उलटा असावा लागतो, कारण ओट्याची उंची शेगडीवर ठरते, भिंतीतल्या तारेची जाडी विजेच्या उपकरणांवर ठरते, भिंतीला पाडायचे भोक चिमणीच्या नळीवर ठरते आणि फ्रीजसाठी सोडायची जागा त्याचे दार कोणत्या बाजूला व किती उघडते यावर ठरते. परंतु उपकरणांच्याही आधी एक प्रश्न असतो आणि तो विचारल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नये, असे प्रस्तुत लेखकाचे या व्यवसायातील अनुभवावरून बनलेले मत आहे: या घरात काय शिजते, किती माणसांसाठी शिजते आणि दिवसाच्या व वर्षाच्या कोणत्या वेळी शिजते?

देहूत या प्रश्नाचे उत्तर दोन निरनिराळ्या कालगणनांतून मिळते. इंद्रायणीकाठचे हे गाव तुकोबांचे, म्हणून येथील वर्ष तिथीने चालते: फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे बीज, तुकोबांच्या वैकुंठगमनाचा दिवस; ज्येष्ठ वद्य सप्तमी म्हणजे पालखीच्या प्रस्थानाचा दिवस, ज्या सोहळ्याची परंपरा तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केल्याचे मानले जाते; आणि या दोहोंच्या आगेमागे येणाऱ्या एकादश्या. त्याच वेळी तळवडे, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्याला लागून असल्यामुळे येथील कितीतरी घरांचा दिवस पाळ्यांनी बांधलेला असतो. पहिल्या पाळीच्या माणसाचा डबा उजाडण्यापूर्वी भरावा लागतो आणि रात्रपाळीहून आलेला माणूस घरातले इतर लोक न्याहारी करत असताना झोपायला जातो. एरवी चारपाच माणसांचा असलेला स्वयंपाक बीजेला चाळीस माणसांचा होतो. एकाच ओट्याला ही दोन्ही कामे करायची असतात, आणि कोणते उपकरण रोजच्या मापाने घ्यायचे व कोणते बीजेच्या मापाने, हे वेगळे करता येणे हेच या कामातले खरे कसब आहे.

शेगडी बीजेच्या मापाने घ्यावी. चाळीस पाहुण्यांना प्रत्येकी दोन भाकऱ्या धरल्या तर ऐंशी भाकऱ्या होतात, आणि सराईत हाताच्या बाईलाही तव्यावर टाकण्यापासून शेकून उतरवण्यापर्यंत एका भाकरीला सुमारे तीन मिनिटे लागतात. म्हणजे एका तव्यावर चार तास आणि दोन तव्यांवर दोन तास. या साध्या गुणाकारातून शेगडीची निवड जवळजवळ आपोआप होते. दुकानात चार बर्नरची, साठ सेंटिमीटर रुंदीची शेगडी ऐटबाज दिसते, पण तिच्या दोन बर्नरच्या मध्यबिंदूंतील अंतर इतके कमी असते की तीस सेंटिमीटरचे दोन तवे शेजारी बसत नाहीत, आणि मागच्या बर्नरवर आमटीचे पातेले ठेवले तर पुढचा तवा सरकवावा लागतो. त्यापेक्षा पंचाहत्तर ते नव्वद सेंटिमीटर रुंदीची, दोन टोकांना मोठे आणि मध्ये मागे सरकवलेला लहान बर्नर असलेली तीन बर्नरची शेगडी अशा घराला अधिक उपयोगी पडते. खरेदीला जाताना घरातला तवा आणि सर्वांत मोठे पातेले सोबत न्यावे व शेगडीवर ठेवून पाहावे. दुकानदाराला त्याचे नवल वाटले तरी हरकत नाही.

इंडक्शन शेगडी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या बुडातच उष्णता निर्माण करणारी शेगडी, पहाटेच्या डब्यासाठी उत्तम आहे, कारण ती लवकर तापते आणि खोलीत धग पसरवत नाही. मात्र तिला लोहचुंबक चिकटेल अशा सपाट बुडाचे भांडे लागते, त्यामुळे पितळेची पातेली आणि ॲल्युमिनियमची साधी भांडी तिच्यावर निरुपयोगी ठरतात. शिवाय भाकरीला शेवटी जी उघडी आच लागते, जिच्यामुळे पोटातल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते, ती आच तिच्यापाशी नसते. फडक्याने दाबून तव्यावरच भाकरी फुगवता येते हे खरे, पण ऐंशी भाकऱ्यांच्या दिवशी ते परवडत नाही. म्हणून इंडक्शन ही गॅसच्या शेगडीची जोडीदार असावी, तिची जागा घेणारी नसावी.

भाकरीचा विचार शेगडीपाशी थांबत नाही, तो पिठापर्यंत मागे जातो. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे प्रथिन, नसते. भाकरीचा गोळा एकसंध राहतो तो ताज्या पिठाच्या आणि गरम पाण्याने फुललेल्या स्टार्चच्या बळावर. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते, आणि बाजरीचे पीठ तर त्यातल्या स्निग्धांशामुळे थोड्या दिवसांतच कडवट होते. या कारणासाठी ज्या घरात रोज भाकरी होते त्या घराने ओव्हनच्या आधी घरघंटीचा विचार करावा, असे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते. एक अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ७४६ वॅटची मोटर असलेली ही घरगुती गिरणी लहान कपाटाएवढी जागा घेते, आवाज करते आणि पीठ उडवते. त्यामुळे तिची जागा ओट्यापासून व झोपायच्या खोलीच्या भिंतीपासून दूर, शक्य असेल तर मागच्या पडवीत असावी आणि तिथे वेगळा प्लग आधीच काढून ठेवावा. नूतनीकरणाच्या आराखड्यांत घरघंटी सहसा नसते, आणि मग ती आयुष्यभर दाराच्या वाटेत उभी राहते.

उंचीच्या बाबतीत प्रस्तुत लेखकाने पूर्वी केलेली एक चूक नोंदवणे अगत्याचे आहे. रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभे करून, कोपर काटकोनात वाकवून, त्याखाली दहा ते पंधरा सेंटिमीटर सोडून ओट्याची पातळी धरायची, हा प्रचलित नियम त्या काळी सर्वच घरांना लावला गेला. तो भाजी चिरण्यासाठी बरोबर आहे, पण पीठ मळताना आणि भाकरी थापताना हात वरून दाबावा लागतो, खांद्याचा भार तळव्यात उतरावा लागतो, आणि त्यासाठी हीच पातळी उंच पडते. शेगडी ओट्यावर ठेवली की तव्याची उंची आणखी आठदहा सेंटिमीटरांनी वाढते आणि कमी उंचीच्या बाईला खांदे उचलूनच भाकरी उलटावी लागते. ज्या घरांत ही चूक झाली तेथील वयस्कर स्त्रिया पुन्हा जमिनीवर बसून परातीत भाकरी थापू लागल्या आणि नव्या ओट्यावर फक्त चहा होऊ लागला. तेव्हापासून शेगडीचा भाग दहा सेंटिमीटर खाली घेण्याची आणि त्याला लागून थापण्यासाठी तसाच खालचा पट्टा ठेवण्याची पद्धत स्वीकारली गेली. ओट्याच्या दगडात कापून बसवलेल्या शेगडीनेही तवा खाली येतो, मात्र उतू गेलेले दूध तिच्या कडेने आत शिरते आणि बिघाड झाल्यास शेगडी उचलून दुरुस्तीला नेता येत नाही.

गॅसच्या बाबतीत एक भौतिक सत्य सुताराला समजावून सांगावे लागते. सिलिंडरमधला गॅस प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असून हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. सिलिंडर असलेल्या घरात हवेची वाट जमिनीजवळ आणि पाइपगॅस असलेल्या घरात छताजवळ असली पाहिजे. ट्रॉल्यांच्या मोहात १४.२ किलोचा सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात कोंडला जातो. त्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी नसेल तर ते दार नसलेलेच बरे. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचे पाइप वाढत आहेत. पुढेमागे जोडणी मिळेल अशी आशा असल्यास शेगडी घेतानाच तिच्या जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलता येतात का हे विचारून घ्यावे, कारण दोन्ही वायूंचा दाब आणि उष्मांक वेगवेगळा असल्याने एकाच्या जेटवर दुसरा नीट जळत नाही. शेगडीवर आयएसआय चिन्ह असावे, हे वेगळे सांगायला नको.

चिमणीच्या जाहिरातीत ताशी बाराशे घनमीटर हवा खेचण्याचा आकडा ठळक असतो. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत साधारण तेवीस घनमीटर हवा असते. ती तासाला बारा वेळा बदलायची म्हटली तरी पावणेतीनशे घनमीटरच पुरतात, आणि फोडणीच्या धुराच्या लोटासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट धरली तरी बाराशेची गरज उरत नाही. खरा फरक पडतो तो नळीने: सहा इंच व्यासाची, आखूड आणि एकाच वळणाची नळी असेल तर मध्यम क्षमतेची चिमणी मिरचीचा ठसका घराबाहेर काढते, आणि लांब, चारदा वळवलेली नळी असेल तर मोठी चिमणीसुद्धा नुसता आवाज करते. नळीशिवायची, कोळशाच्या गाळणीची चिमणी तेल व वास काही प्रमाणात अडवते, उष्णता व वाफ मात्र खोलीतच परत सोडते. ती घेऊ नये. भिंतीतले भोक टाइल बसण्यापूर्वी पाडावे आणि ते शेजारच्या खिडकीसमोर उघडणार नाही, हे गावातल्या दाटीच्या गल्लीत विशेष पाहावे.

विजेचा हिशोब पहाटेचा करावा. इंडक्शन २००० वॅट, गीझर २०००, किटली १५०० आणि मायक्रोवेव्ह १२०० वॅट पहिल्या पाळीच्या घरात एकाच वेळी चालू असू शकतात. बेरीज ६७०० वॅट, आणि २३० व्होल्टला ती २९ अँपिअर होते. जुन्या घराची एकच तार ओट्याच्या सर्व प्लगांना पुरवलेली असेल तर ती भिंतीतच तापत राहते. म्हणून मोठ्या उपकरणासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, निदान २.५ व शक्यतो ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही किमान अट मानावी, आणि महावितरणकडे मंजूर असलेला भार बिलावर पाहून गरज असल्यास वाढवून घ्यावा.

मिक्सरचा इतिहास या विषयातला सर्वांत बोधप्रद आहे. घरी आणलेला युरोपीय बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणाच्या भाराने जळाला, म्हणून सीमेन्समध्ये काम केलेले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी येथल्या कामाला पुरे पडेल असे यंत्र घडवले आणि १९६३ पासून ते ‘सुमीत’ या नावाने घरोघरी गेले. परक्या यंत्राची बनावट वाईट नव्हती. ते पातळ व मऊ पदार्थांसाठी होते आणि त्याला सुके खोबरे, भिजवलेली डाळ, शेंगदाणे दिले गेले. आजही मिक्सरच्या बुडाच्या पाटीवर किती मिनिटे सलग चालवावा व किती मिनिटे थांबवावा हे छापलेले असते. त्यालाच ड्यूटी सायकल म्हणतात, आणि कारखान्यात यंत्रांची अशी पाटी रोज वाचणारा माणूस घरातल्या मिक्सरची पाटी मात्र वाचत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. एकादशीच्या शेंगदाण्याच्या कुटापासून ठेच्यापर्यंत सर्व करायचे तर ७५० वॅटचा मिक्सर घ्यावा. त्याच्या विजेची काळजी करू नये: रोज दहा मिनिटे चालला तरी वर्षाला तो पंचेचाळीस युनिटच खातो.

फ्रीज मात्र रोजच्या मापाने घ्यावा, कारण बीजेचा स्वयंपाक त्याच दिवशी संपतो आणि फ्रीज वर्षाचे बाराही महिने, दिवसरात्र चालतो. चारपाच माणसांना अडीचशे ते तीनशे लिटर पुरतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ताऱ्यांची पट्टी येथे खरोखर कामाची आहे. तिच्यावर वर्षाच्या युनिटांचा आकडा असतो आणि ताऱ्यांपेक्षा तो आकडा वाचावा, कारण निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या वर्षाचे पाच तारे नव्या वर्षाच्या पाचांइतके नसतात. देऊळवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत चौकटीची रुंदी आधी मोजावी. दोन दारांचा रुंद फ्रीज गल्लीतूनच परत गेल्याचे प्रसंग घडले आहेत.

पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राआधी पाण्याची तपासणी करावी. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ज्याला टीडीएस म्हणतात, लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आरओ यंत्राची गरज नसते आणि ते विनाकारण पाणी वाया घालवते. बोअरचे पाणी जड असेल तर गोष्ट वेगळी. भांडी धुण्याचे यंत्र उपयोगी आहे, पण लोखंडी तवा, पितळ आणि ॲल्युमिनियम त्यात घालू नयेत, म्हणजे देहूच्या घरातली निम्मी भांडी हातानेच घासावी लागतील हे धरून चालावे.

एवढ्या सगळ्या खरेदीत सर्वांत स्वस्त वस्तू शेगडी आणि रेग्युलेटर यांच्यामधली रबरी नळी असते आणि नूतनीकरणात जुनीच नळी नव्या शेगडीला जोडली जाते. तिचे आयुष्य पाच वर्षांचे असते आणि ती बनल्याची तारीख तिच्यावरच छापलेली असते. वाचकाने आज स्वयंपाकघरात गेल्यावर ती तारीख वाचून घ्यावी.