आईच्या शास्त्राची मागची पानं

आमच्या वयाच्या गावाकडच्या माणसांचे शाळेचे दाखले काढून बघा. कितीतरी जणांचा जन्म १ जूनचाच निघेल. आईबापाला तारीख सांगता यायची नाही. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून मास्तर अंदाजानं वर्ष धरायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. माझ्या दाखल्यावर मात्र ९ नोव्हेंबर १९५९ आहे, आणि ती खरी आहे. कारण माझी आई सुईण होती आणि तिला लिहिता येत होतं.

आमचं गाव नेवासे तालुक्यात. गावाच्या खालच्या अंगाला महारवाडा, आणि त्यातच दहा-बारा घरं ख्रिस्ती लोकांची. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं. पुढं आमच्या तालुक्यात वडाळ्याला त्यांचं ठाणं झालं. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण वाडा तोच राहिला, पाणवठा तोच राहिला, आणि वतनातली हाडोळ्याची अडीच एकर बरडही तीच राहिली.

आई लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. मिशनची एक बायबलबाई पंधरा दिवसांनी चालत यायची. तिनं जात्यापाशी बसून आईला बाराखडी शिकवली. पाटी नव्हती, म्हणून आई सांडलेल्या पिठावर बोटानं अक्षरं काढायची. शास्त्र अडखळत वाचायला तिला तीन वर्षं लागली. रेव्हरंड टिळकांची भजनं मात्र तिला आधीपासून पाठ होती. ती आपल्या अभंग-ओवीच्या वळणाची, त्यामुळं दळताना आपसूक तोंडात यायची. शेजारच्या बायाही, हे गाणं कोणत्या देवाचं हे न विचारता, सूर धरायच्या.

सुईणपण ती सासूकडून शिकली. पण मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला एक गोष्ट बजावली होती. नाळ कापायचं पातं आणि बांधायचा दोरा उकळल्याशिवाय नाळेला हात लावायचा नाही. त्याआधी आमच्याकडं विळ्यानं नाळ कापत, वर राख नाहीतर शेण लावत. मग आठवड्याच्या आत-बाहेर पोर दूध ओढायचं थांबायचं, आखडायचं आणि धनुर्वातानं जायचं. लोक म्हणायचे, सटवाईनं नेलं. आई वाद घालायची नाही. आल्या आल्या चुलीवर पाणी ठेवायला लावायची.

रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस यायचा. वरच्या आळीतली बाई अडली की शिवाशीव कोणी काढत नव्हतं. पोर रडलं की ती परत सुरू व्हायची. आईला चहा मिळायचा तो वळचणीला ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. ती निघाली की मागं गोमूत्र शिंपडायचे. मी एकदा विचारलं, "आई, तुला राग न्हाई येत?"

"येतो की. पन पोराचा काय दोष? त्याला तर पयला हात माझाच लागला."

घरी आली की हात धुवायची, दिव्याजवळ शास्त्र उघडायची आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहायची. तारीख, बापाचं नाव, मुलगा की मुलगी. जे पोर जगलं नाही त्याचीही ओळ असायची, पुढं एक फुली. मग गुडघे टेकून त्या पोराचं नाव घेऊन प्रार्थना करायची. नाव ठेवलं नसेल तर 'अमक्याचं लेकरू' म्हणायची.

१९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आई आणि दादा खडी फोडायला जायचे. हातोडा चुकला तर बोट जायला नको म्हणून आई सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बोटांवर चढवायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरी थापल्या की तुटायच्या. पीठ मळायला घेताना आई एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची. ते पीठ वाड्यात जी कोणी बाळंतीण असेल तिच्या घरी जायचं. दादा एकदा भडकले.

"घरात चार पोरं उपाशी, आन् हिचं गाडगं भरतंय!"

आई म्हणाली, "तिला दूध सुटलं न्हाई तर दोन जीव जात्यात. आपली पोरं एक घास कमी खाऊन मरत न्हाईत."

हिशोब बरोबर होता. पण तो एक घास आमच्याच ताटातला होता. मी हे गोड करून सांगणार नाही. भूक लागलेल्या पोराला असला हिशोब कळत नाही, आणि कळला तरी पोट भरत नाही.

दुसरा हिशोब याहून जड गेला. दहावीचा फॉर्म भरताना आमच्या एका मास्तरांनी आईला बोलावून घेतलं. माणूस चांगला होता. म्हणाला, "बाई, धर्म हिंदू आणि जात महार असं लावून घेऊ. शिष्यवृत्ती मिळेल, वसतिगृह मिळेल, पोरगं पुढं शिकेल." १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत ख्रिस्ती झालेल्यांना नव्हती. शिखांना ती १९५६ साली मिळाली, बौद्धांना १९९० साली. आम्हाला अजून नाही. वाड्यातल्या काही ख्रिस्ती घरांनी कागदावर हिंदूच ठेवलं होतं. पोरांच्या पोटासाठी केलं, त्यांना मी नावं ठेवत नाही.

आईनं मास्तरांना विचारलं, "मग रविवारी मी कोन, आन् सोमवारी कोन?"

मास्तर काही बोलले नाहीत. फॉर्मवर 'ख्रिस्ती'च गेलं. मी पास झालो. नगरला राहून शिकायचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून औताला लागलो. मला राग होता. पाणी भरताना आम्ही महार आणि फॉर्म भरताना ख्रिस्ती, हा न्याय कुठला? आईलाही तो न्याय वाटत नव्हता. त्या रात्री दिवा मालवल्यावर ती रडत होती, मी ऐकलं. पण सकाळी उठून तिनं शब्द फिरवला नाही.

पुढं सरकारी दवाखाने जवळ आले, बाळंतपणं तिकडं होऊ लागली. मग लोक आईकडं तारखा विचारायला येऊ लागले. कोणाला नोकरीसाठी हवी, कोणाला निराधारच्या पगारासाठी. वरच्या आळीतली माणसंही आमच्या ओट्यावर येऊन बसायची. आई तांब्या पुढं करायची. कोणी पाणी प्यायचं, कोणी आत्ताच पिऊन आलो म्हणायचं. एकानं वय दोन वर्षं वाढवून सांगायची गळ घातली. ती म्हणाली, "बाबा, तू जलमला त्या रात्री पाऊस लई होता. म्या लिवलंय. ते कसं खोडू?"

२००९ साली ती गेली. नंतर मी ती पानं मोजली. एकूण ३१२ ओळी आणि ४१ फुल्या. पेन्सिल फिकट झालीय, पण वाचता येतं. तारीख आहे, बापाचं नाव आहे, मुलगा-मुलगी आहे. जात आणि धर्माचा रकाना तिनं आखलाच नव्हता.