आंबेवाडीच्या पुढची वाट

बेळगावहून हुबळीकडे जाताना लोंढ्यानंतर अळनावर जंक्शन लागतं. ‘जंक्शन’ का, असा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथून एक फाटा हल्याळ तालुक्यातून दांडेलीच्या रानाकडे जातो. इंग्रजांच्या काळात, 1919 साली तो टाकला गेला तो लाकडासाठी. दांडेलीचं सागवान बाहेर न्यायचं होतं, माणसांची सोय हा नंतरचा विचार! पण माणसं चढली. बाजारहाट, लग्नकार्य, जत्रा, बाळंतपणाला माहेरी जाणं, सगळं त्या गाडीने झालं. मग 1990 च्या दशकाच्या मध्याला प्रवासी गाडी बंद पडली आणि बसची सवय लागली. नोव्हेंबर 2019 मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली, पण आंबेवाडीपर्यंतच. दांडेलीच्या अलीकडचा तुकडा तसाच मागे राहिला.

यंदा पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही बापलेक त्याच बाजूला चालायला गेलो. मुलगी नववीत, इंग्रजी माध्यमात. सागवानाला ‘टीक’ म्हणतात हे तिला ठाऊक होतं, पण सागाचं झाड समोर उभं राहिलं तेव्हा ओळखता येईना! खरं तर चैत्रात साग उघडाबोडका, ओळखायला कठीणच. पायाखालचं मोठालं, खरखरीत वाळलेलं पान उचलून तिच्या हातात दिलं. कन्नडमध्ये सागवानी, तेग. तिने वही काढली आणि दोन रकाने आखले.

रूळ सोडून शेतांच्या कडेने बैलगाडीची वाट जाते. सकाळी आठपर्यंत हवा गार असते. (चालू असलेल्या रुळांवरून चालायचं नाही, हे मुलांना आधीच बजावावं.) करंजाची फुलं वाटेवर सांडलेली होती. करंज म्हणजे होंगे, हे तिला शाळेतल्या मैत्रिणीकडून माहीत होतं. पळस संपत आला होता, तरी शेंड्याला थोडा केशरी रंग होता. पळस म्हणजे मुत्तुग. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी. तो मत्ती. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या, वासाने थांबावं लागतं. आमच्या घरी कवळी हाच शब्द चालतो. करवंद म्हणजे तेच फळ, हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढे एक झाड लालभडक पालवीने पेटल्यासारखं दिसत होतं. मला नाव आठवेना. खाली गुरं राखत एक म्हातारी बसली होती.

“यल्लिंद बंद्री?” तिने विचारलं.

मी कन्नडमध्येच गाव सांगितलं. तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, झाडाचं नाव विचारा ना.”

“मराठीच की ओ तुम्ही! मग मराठीत बोला की,” म्हातारी हसली.

“आज्जी, हे झाड कुठलं?” (आज्जी म्हटलं की दोन्ही भाषांत भागतं.)

“कोशिंब. सागडे म्हणतात बघ कन्नडात. पावसाच्या तोंडाला फळं येतात, आंबट. पोरांच्या दातांना लई आवडतात.”

मग गाडीचा विषय निघाला. ती लग्न होऊन आली तीच त्या गाडीने. डब्यात कोण कुठल्या भाषेत बोलतो याचा हिशेब कुणी ठेवत नसे, असं ती म्हणाली. मी भूगोलाचा मास्तर, पण या तालुक्यात भाषेची रेघ नकाशावर कुठे ओढायची हे मला आजवर समजलेलं नाही. हल्याळ-जोयड्याकडे घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही, हे पिढ्यान्पिढ्या चाललंय. आता घरातही तिसरीच भाषा शिरलीय, आणि तिच्यात कोशिंब नाही, सागडेही नाही.

दांडेलीजवळ रान दाट होतं. हा काळी व्याघ्र प्रकल्पाचा शेजार. 2007 मध्ये अणशी-दांडेली नावाने तो जाहीर झाला आणि 2015 पासून काळी नदीचं नाव लागलं. तेव्हा वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नये. गावची वाट पुरे आहे. काळीच्या काठी वडाच्या शेंड्यावर पंखांचा मोठा फडफडाट झाला. धनेश! पिवळ्या चोचीची जोडी होती. शेजारी मासे धरणाऱ्या पोराने “मंगट्टे” म्हणून बोट दाखवलं. मुलीने वही उघडली. डावा रकाना मी सांगितला, उजवा त्या पोराने.

जायचं असेल तर पाणी भरपूर न्या, पायात बूट असू द्या, आणि अकराच्या आत सावली गाठा. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही नदीकाठी खाल्ली. परतीला दांडेलीहून हल्याळमार्गे बस मिळाली. वहीत सव्वीस नावं झाली होती. त्यातल्या नऊ ओळींचा एक रकाना अजून रिकामा आहे. पाच माझ्या बाजूचे, चार तिच्या.