वायपर लावला की मिसिंग

आमच्या प्रीमियर पद्मिनीला पाऊस सोसत नाही, यावर घरात, सोसायटीत आणि गॅरेजात सगळ्यांचं एकमत होतं. एरवी कात्रजचा घाट ती मुकाट चढायची. पावसाळ्यात मात्र सिग्नलला उभी राहिली की इंजिन मिसिंग मारायचं आणि हिरवा दिवा लागून क्लच सोडला की एक आचका देऊन बंद. मागचे हॉर्न लगेच सुरू. पुण्यात यापेक्षा वेगळी अपेक्षाही नाही.

गाडी बाबांनी १९८६ साली घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, पॉइंट-कंडेन्सरवाली. इलेक्ट्रॉनिक भानगड नसल्यामुळे तिची दुरुस्ती घरी करता येते, आणि त्याच कारणामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्लाही देऊ शकतो. आमच्या मिस्त्रींचं निदान ठरलेलं होतं, "डिलकोत पाणी जातंय, साहेब." शेजारचे काका त्यांच्या तरुणपणी डिलकोवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरवर, प्लॅस्टिकची पिशवी बांधून कोकणात जाऊन आले होते. त्यांनी मला पिशवी आणून दिली.

पाणी जातं हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला केसाएवढी चीर असली तरी ओलीत करंट तिथून पळतो. पण ते तपासायची सोपी रीत आहे. रात्री शेडमधला दिवा घालवायचा, इंजिन चालू ठेवायचं, बॉनेट उघडून कॅपवर आणि प्लगच्या वायरींवर फुलझाडांवर मारायच्या पंपाने पाण्याचा तुषार मारायचा. करंट पळत असेल तर निळसर ठिणग्या सरपटताना डोळ्यांना दिसतात. वायरींना मात्र हात लावायचा नाही, कॉइल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. मी भरपूर पाणी मारलं. एकही ठिणगी दिसली नाही आणि इंजिनही अडखळलं नाही. म्हणजे ओल हे कारण नव्हतं. मिस्त्रींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग कंडेन्सर बदला." कंडेन्सर बदलला. फरक शून्य.

पेट्रोलचं बघून झालं होतंच, त्यात फार काही नव्हतं.

मग एका कोरड्या, धुळकट संध्याकाळी काच पुसायला म्हणून बायकोने वायपर लावला आणि इंजिन नेमकं तसंच मिसिंग मारायला लागलं. बंद केला, सुरळीत. पुन्हा लावला, पुन्हा मिसिंग. आभाळात ढग नव्हता. "पावसाचं नाव कशाला घेता, हे वायपरचं दुखणं आहे," ती म्हणाली. पावसाळ्यात आम्ही वायपर लावतो, म्हणून गाडी पावसाळ्यात बंद पडते, इतकं ते सरळ होतं.

पण वायपरचा आणि ठिणगीचा संबंध काय? दोघांनाही करंट किल्लीच्या स्विचमधून येतो. बॅटरीकडून तार डॅशबोर्डवरच्या इग्निशन स्विचला येते, तिथून एक फाटा कॉइलला आणि एक वायपरला. स्विचच्या आत पितळी पट्टी असते. इतक्या वर्षांत ती जळून काळी पडली असेल, तर थोडा करंट ती निभावून नेते, जास्त मागितला की व्होल्टेज स्वतःच खाऊन टाकते.

खरी गोम पुढेच आहे, आणि गॅरेजात हे का सापडलं नाही तेही इथेच कळतं. मिस्त्रींनी टेस्ट लॅम्प लावून कॉइलवर करंट येतोय हे मला दाखवलं होतं. दिवा लख्ख लागला होता. पण तेव्हा डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडे असतील, तर कॉइलमधून करंट वाहतच नाही. त्या छोट्या दिव्यापुरता करंट खराब स्विचही आरामात देतो. भार नसताना घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही.

म्हणून कॅप काढली आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने इंच-इंच पुढे ढकलली, पॉइंट पूर्ण मिटेपर्यंत. किल्ली फिरवली. मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पिन कॉइलच्या प्लसवर. या मापात जो आकडा दिसतो तो वाटेत गळालेल्या व्होल्टेजचा. अर्धा व्होल्ट असेल तर चालतं. माझ्याकडे दीडच्या वर दिसला. वायपर लावला तर तीनच्या पुढे, कारण कोरड्या काचेवर रबर घासत असल्याने मोटर आणखीच करंट ओढत होती. हे माप चटकन घेऊन किल्ली बंद करावी लागते. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर कॉइल तापते.

तीन व्होल्ट गेले म्हणजे कॉइलच्या वाट्याला साधारण नऊ उरले. बाराचे नऊ म्हणजे पाऊण, पण ठिणगीची ताकद करंटच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे जेमतेम निम्म्यावर येते. त्यात या गाडीला डायनॅमो. आयडलिंगला तो जवळपास काहीच चार्ज देत नाही, सगळा भार बॅटरीवर. सिग्नललाच गाडी का बंद पडायची याचं उत्तर इथे मिळालं.

पुढे फक्त टप्पे करायचे होते. बॅटरी ते स्विचची आत येणारी तार: नगण्य. स्विचच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत: जवळजवळ सगळा तोटा इथेच. स्विच ते कॉइल: नगण्य. खात्रीसाठी बॅटरीच्या प्लसवरून कॉइलच्या प्लसवर एक सुटी तार जोडली, इंजिन चालू केलं आणि वायपर लावला. इंजिन हूं की चूं न करता फिरत राहिलं. (अशी तार लावली की किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही, तार काढावी लागते. काका तेवढ्यात घाबरून दोन पावलं मागे सरकले.)

नवा स्विच शोधायला नाना पेठेत गेलो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, आणि आता या गाडीचं काही मागितलं की दुकानदार आधी आपल्याकडे जरा करुणेने बघतो. एका ठिकाणी मिळाला, पण पट्टी पत्र्याइतकी पातळ. तोही लवकरच जळला असता. त्यामुळे स्विच बसवलाच, शिवाय कॉइलसाठी फ्यूज घालून एक रिले लावला. आता किल्लीच्या स्विचमधून रिलेला जागं करण्यापुरता करंट जातो, कॉइलचा करंट बॅटरीकडून जाड तारेने थेट येतो. किल्लीच्या जुडग्यातून घराच्या, कपाटाच्या आणि गावच्या वाड्याच्या किल्ल्याही काढल्या, कारण त्या वजनाने स्विच आतून झिजतो.

मिस्त्रींना जुना स्विच उघडून दाखवला. त्यांनी ती काळी पट्टी नखाने खरवडली आणि म्हणाले, "हेडलाइटचा करंट पण असाच येतो बरं का." मोजून पाहिलं. त्या तारेत सव्वा व्होल्ट गळतोय. दुसरा रिले आणून ठेवला आहे, या रविवारी लावायचा.