शिरूर ते दौंड : एका काचेचा प्रवास

आमच्या शिरूरला रेल्वे नाही. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं, घोड नदीच्या काठचं हे तालुक्याचं गाव. जुनी माणसं अजूनही त्याला घोडनदीच म्हणतात. एसटी म्हणाल तेव्हा मिळते, पण सोलापूर-कलबुर्गीकडून कुणी रेल्वेने येणार असलं की आमच्या घरी एकच नाव निघतं, दौंड.

धाकटी बहीण तिच्या तीन मुलांना घेऊन कलबुर्गीहून सुट्टीला येणार होती. शनिवारी दुपारी गाडी दौंडला पोहोचणार, आणि त्यांना आणायला आम्ही दिराची सात आसनी एसयूव्ही घेऊन जाणार, असं ठरलं होतं. दीर दुबईला असतात. गाडी जुनी आहे, पण अमानत म्हणून आमच्या दारात उभी असते. त्यामुळे तिच्यावर ओरखडा उठला तरी माझा जीव खाली-वर होतो.

शुक्रवारी पहाटे अब्बा फजरची नमाज पढून परत आले ते दारातूनच म्हणाले, "बेटा, गाडीची काच गेलीय."

अम्मीच्या इंतकालानंतर अब्बा माझ्याकडेच असतात. पस्तीस वर्षं त्यांनी शिरूर, न्हावरे, चौफुला या रस्त्यावर वडाप जीप चालवली. गाडीबद्दल ते उगाच काही बोलत नाहीत. मी धावत बाहेर गेले. भिंतीकडच्या बाजूच्या मागच्या दाराची काच पूर्ण गेली होती. सीटवर हरभऱ्याएवढ्या खड्यांचा सडा पडला होता. आत ठेवलेली कागदपत्रं, टोलसाठीची चिल्लर, सगळं जागच्या जागी होतं. चोरी झाली नव्हती, हे उघड होतं. मग काच फोडली कुणी आणि कशासाठी?

मी पंधरा वर्षं शाळेत मुलांना शिकवते, "आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा." पण त्या सकाळी माझ्याच घरात उलटं घडलं. बारावीतल्या माझ्या मुलाने फोटो काढला आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "रात्री आमच्या गाडीची काच फोडली. सगळ्यांनी सावध राहा." पंधरा मिनिटांत उत्तरं सुरू झाली. कुणी लिहिलं, हे मुद्दामच केलंय. कुणी दुसऱ्या गावातली जुनी घटना आठवून दिली. एकाने तर आमच्या गल्लीतल्या अमुक घरांकडे लक्ष ठेवा, असंही सुचवलं. ती घरं कुणाची, हे सांगायची गरज नव्हती. आमच्या गल्लीत दोन्ही समाजांची घरं आहेत. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ वर्षानुवर्षं भिंतीवरून इकडे-तिकडे जातो. ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, असेल का तसं?

अब्बांनी मोबाइल पाहिलाही नाही. ते टॉर्च घेऊन गाडीत शिरले. खडे आतल्या बाजूला पडलेत, म्हणजे मार बाहेरून बसला, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "दगड मारला असेल तर दगड कुठंय? तो काय मारणारा परत घेऊन गेला?" हातात जुने मोजे घालून त्यांनी सीटखाली चाचपलं आणि पुढच्या सीटच्या मागून एक वस्तू बाहेर काढली. लाल सीझन बॉल होता. शिवण थोडी उसवलेली.

मी मुलाला बॉलचा फोटो त्याच ग्रुपवर टाकायला लावला आणि शेजारी बसून मजकूर सांगितला, "काच क्रिकेटच्या बॉलने फुटली आहे. कुणी मुद्दाम फोडलेली नाही. मी घाईने लिहिलं, माफ करा." त्याला ते लिहिणं जड गेलं. पहिल्या मेसेजला दहा-बारा उत्तरं आली होती. या मेसेजला दोनच अंगठे आले. खबर आली की तिची आधी खातरजमा करावी, ही शिकवण आपल्या घराघरात लहानपणापासून दिली जाते. पण बोट आता जिभेपेक्षाही लवकर चालतं.

संध्याकाळी समोरच्या घरातला सातवीतला मुलगा आईच्या मागे लपत आला. "काकू, बॉल माझा आहे," एवढंच बोलला आणि रडायला लागला. त्याची आई म्हणाली, "ताई, हा काल रात्रीच सांगायला येणार होता. मीच म्हटलं, सकाळी जाऊ. सकाळी कुणीतरी तो ग्रुपवरचा मेसेज दाखवला, मग आमची हिंमतच झाली नाही. उगाच कुणाला काहीतरी वाटायचं." तिच्या हातात पाचशेची नोट होती आणि हात थरथरत होता. बारा वर्षं जिच्याशी कुंपणावरून रोज बोलते, ती बाई त्या दिवशी माझ्या दारात यायला घाबरली होती. काच फुटल्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

मी नोट परत करत होते, पण अब्बांनी अडवलं. "सगळे नको. दोनशे घे, आणि ते त्याच्या खाऊच्या पैशातले असू देत. आणि उद्या सकाळी ये रे, गाडी झाडायला." मुलाने मान हलवली. जाताना त्याची आई पहिल्यांदा हसली.

आता प्रश्न काचेचा. शनिवारी दुपारी त्याच सीटवर तीन मुलं बसणार होती. शिरूरच्या दुकानात सांगितलं, या दाराची काच पुण्याहून मागवावी लागेल, सोमवारी मिळेल. दुसऱ्या एकाने सोपा उपाय काढला, "मॅडम, दार सपाटच आहे. घराच्या खिडकीची पाच मिलिमीटरची काच मापाने कापून बसवतो. निम्म्याहून कमी पैशात काम होईल, तासाभरात." मी जवळजवळ हो म्हणाले होते. अब्बांनी फक्त आपला डावा गाल त्याच्यापुढे केला. तिथे कानापासून ओठापर्यंत एक जुनी रेघ आहे. त्यांच्या जीपलाही एकदा अशीच साधी काच कुणीतरी बसवून दिली होती. एका खड्ड्यात गाडी आपटली आणि सुरीसारखा तुकडा गालातून गेला. डोळा थोडक्यात वाचला.

त्या रात्री अब्बांनी ओंजळीत खडे घेऊन माझ्या मुलाला समजावलं. गाडीच्या बाजूच्या काचा कडक केलेल्या, म्हणजे टफन्ड असतात. काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि लगेच जोरदार हवेने थंड करतात. त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली राहतो. ती साध्या काचेपेक्षा कितीतरी बळकट होते, आणि एकदा फुटली की सगळीच्या सगळी बोथट खड्यांत मोडते. समोरची काच वेगळी. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो. म्हणून ती फुटली तरी जाळीसारखी तडकून जागेवर राहते आणि माणूस बाहेर फेकला जात नाही. "ही काच मोडली, पण कुणाला कापलं नाही. त्याच जागी साधी काच बसवायची म्हणजे मुलांच्या शेजारी सुऱ्या टांगायच्या," अब्बा म्हणाले.

विम्याचाही विचार केला. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर स्वतःच्या काचेचे पैसे मिळतच नाहीत. आमची पूर्ण विम्याची होती. पण दावा केला की पुढच्या हप्त्यातली नो क्लेम बोनसची सूट जाते. ही सूट वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत वाढत जाते. शिवाय दाव्यातली ठरावीक रक्कम आपल्यालाच भरावी लागते. हिशेब मांडला तर एका दाराच्या काचेसाठी खिशातून पैसे देणंच बरं होतं. दुबईला फोन करून दिरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाभी, काच नवी येईल. त्या पोराला कुणी रागावलं नाही ना?"

दौंडच्या एका काचवाल्याकडे आमच्या गाडीची मूळ मापाची काच असल्याचं फोनवर कळलं. तेव्हा शनिवारी सकाळीच निघायचं ठरलं. मुलाने झाडून दिलेल्या गाडीला खिडकीच्या जागी जाड पॉलिथीन ताणून चिकटपट्टीने लावलं. त्या दाराच्या काचेचं बटण कुणी दाबायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. आतले खडे यंत्रात अडकले असते.

न्हावऱ्याकडे वळलो तसा पॉलिथीनचा फडफडाट सुरू झाला. बोलणं ऐकू येईना, म्हणून आम्ही गप्प बसून रस्ता पाहिला. हा रस्ता अब्बांचा. घोडगंगा साखर कारखान्याची कमान दिसली तेव्हा, हंगामात इथे उसाच्या ट्रॉल्यांमागे कसा तासन्‌तास वेळ जायचा, ते त्यांनी हाताच्या खुणांनी सांगितलं. दोन्ही बाजूंना ऊस होता. पारगावला भीमेचा पूल लागला. आमची घोड नदीही पुढे जाऊन याच भीमेला मिळते. पुलावर गाडी हळू घेतल्यावर फडफड थांबली आणि अब्बा म्हणाले, "इथं मी रोज काच खाली करायचो. हवा लागायची." पुढे चौफुला. इथून जवळच केडगाव, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं ते गाव. मग सोलापूर रस्त्याने वरवंड, पाटस, आणि पाटसहून डावीकडे दौंड.

दौंड हे रेल्वेवर वाढलेलं गाव. इंग्रज त्याला धोंड लिहीत. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दक्षिणेकडून येणाऱ्याला उत्तरेची वाट इथून फुटली. बारामतीचा फाटाही इथूनच निघतो. राज्य राखीव पोलीस दलाचे गट इथे असल्यामुळे आणि रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे गावात साऱ्या देशातली माणसं आणि बोली कानावर पडतात. एक सूचना वाचकांना करते. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन पूर्वी दौंडला उलटं लावावं लागे. ते टाळायला कॉर्ड लाइन झाली आणि तिच्यावर वेगळं स्टेशन आहे. पाहुण्यांना आणायला जाताना गाडी कुठल्या दौंडला थांबते, ते तिकिटावर पाहून घ्या.

काचवाल्याने काच पुढे केली तशी अब्बांनी आधी तिचा कोपरा पाहिला. तिथे आयएसआयची खूण, आयएस २५५३ हा आकडा आणि टफन्ड असा शब्द छापलेला होता. ही खूण नसेल तर काच घेऊच नका, असं त्यांनी मला बजावलं. कोपऱ्यावरचं कंपनीचं नाव वाचून काचवाला म्हणाला, "ही तर तुमच्याच जिल्ह्यातली. चाकणला बनते." तेव्हा मला तळेगावची आठवण झाली. १९०८ साली लोकांकडून एक-एक पैसा गोळा करून तिथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. पुणे जिल्ह्याचं आणि काचेचं नातं तसं जुनं आहे.

कारागीर पोरगा हुशार होता. त्याने दाराचा आतला पुठ्ठा उतरवला, आतून दोन मोठ्या ओंजळी खडे काढले आणि राहिलेले हवेच्या नळीने ओढून घेतले. दाराच्या तळाला पावसाचं पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. तीही तारेने मोकळी केली. ती बुजली तर पाणी साठून पत्रा आतून गंजतो. मग नवी काच वरच्या फटीतून सोडून यंत्राला कसली, रबर बसवलं आणि दहा वेळा वर-खाली करून पाहिली. सगळं मिळून तास लागला.

शेवटी मालकाने विचारलं, "मॅडम, काळी फिल्म लावून देऊ? घरच्या बायका बसतात, परदा राहील." त्याने आदरानेच विचारलं होतं. मी नको म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली अशा फिल्मला मनाई केली. काच अशी हवी, की समोरून आणि मागून निदान सत्तर टक्के आणि बाजूने पन्नास टक्के उजेड आरपार यावा. आणि आमच्या गल्लीत तर सध्या एकमेकांना नीट दिसणंच जास्त गरजेचं होतं.

बहिणीची गाडी अर्धा तास उशिरा आली. तिच्या मधल्या मुलाने त्याच खिडकीची जागा धरली आणि पारगावच्या पुलावर काच खाली करायची परवानगी मागितली. अब्बांनी लगेच दिली.

मगरिबच्या सुमारास आम्ही गल्लीत शिरलो. समोरच्या घराच्या पायरीवर तो सातवीतला मुलगा बसून होता. गाडी थांबायच्या आत धावत आला, काचेला दुरूनच पाहिलं आणि विचारलं, "काकू, बसली का नीट?"

"बसली," मी म्हटलं, "बॉल घरात आहे, घेऊन जा. पण खेळायचं मैदानावर."

बॉल आणायला माझाच मुलगा आत गेला. तो परत आला तेव्हा बॉलची उसवलेली शिवण त्याने दाभणाने घालून दिलेली होती.